मागच्या फळीतले मुकादम

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला आणि महिना पुरा व्हायच्या आत, १३ डिसेंबरला, मॅनेजर सॅम अलर्डाइसला नारळ दिला. संघ तेव्हा प्रीमियर लीगच्या तक्त्यात तेरावा होता. आधीच्या मोसमात तो दहावा आला होता. ब्लॅकबर्नसारख्या गावाच्या मानाने हे काही वाईट नव्हतं, पण नव्या मालकांना मोठी स्वप्नं पडत होती. पुढची कथा पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांना पाठ आहे. २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला, २०१७ मध्ये आणखी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. तिथून पुढच्याच वर्षी त्याला वर काढलं टोनी मोब्रेने. मोब्रे मूळचा मिडल्सब्रोचा सेंटर-बॅक. १९८६ मध्ये मिडल्सब्रो कर्जापायी बुडता बुडता वाचला आणि तिसऱ्या श्रेणीत खेळायला उतरला, तेव्हा त्या संघाचा कप्तान हाच होता.

म्हणजे ज्याला काढलं तो बचावपटू, आणि सावरायला आणला तोही बचावपटू. हा योगायोग वाटेल, पण इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतल्या फुटबॉलकडे थोडा वेळ पाहिलं की ही माणसं जिथे तिथे भेटू लागतात. पंधरा-सोळा वर्षं कधी तिसऱ्या, कधी चौथ्या श्रेणीत हाडं घासायची, गुडघा किंवा खुबा निकामी झाला की बूट टांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्लबच्या, नाहीतर शेजारच्या गावच्या क्लबच्या डगआउटमध्ये उभं राहायचं. यांची कारकीर्द घडते कशी आणि अडते कुठे? माझं मत आधीच सांगून टाकतो. वरचं दार त्यांना सहसा कुणी उघडत नाही. ही माणसं वर जातात ती आपला क्लब खांद्यावर घेऊन. मोठा क्लब त्यांना बोलावतो तोही बहुतेकदा घर पेटल्यावर.

मांडणी अशी. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये चार श्रेणी आणि ९२ क्लब. प्रीमियर लीगमध्ये २०. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी २४. (लीग वन म्हणजे तिसरी श्रेणी. ही नावं ज्याने ठेवली त्याला हिशेब येत नव्हता की विक्री चांगली येत होती, कोण जाणे.) त्याखाली नॅशनल लीग, आणि मग गावोगावच्या अर्धवेळ संघांचा पसारा. १९६१ पर्यंत कुठल्याही खेळाडूला आठवड्याला २० पौंडांहून जास्त पगार देताच येत नसे. ती मर्यादा उठली आणि वरच्या आणि खालच्या श्रेणींमधली दरी रुंदावू लागली. तळाला मात्र बरीच वर्षं सोय होती. शेवटच्या क्रमांकाच्या क्लबांना बाकीचे क्लब मतदान करून परत आत घेत, आणि बहुतेकदा घेतच. १९८७ पासून ती सोय संपली. तळाचा क्लब थेट लीगबाहेर जाऊ लागला, आणि त्या नियमाचा पहिला बळी ठरला लिंकन सिटी.

पैशाचं गणितही नाजूक. २००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी बुडाली आणि लीगबरोबरच्या साडेएकतीस कोटी पौंडांच्या करारातले १७ कोटी ८५ लाख पौंड तिच्याबरोबर बुडाले. त्या उन्हाळ्यात शेकडो खेळाडू घरी बसले. तसंही खालच्या श्रेणीत करार एक-दोन वर्षांचेच असतात. दर मे महिन्यात क्लबची ‘रिटेन्ड लिस्ट’ लागते आणि त्यात नाव नसेल तर तिशीतला, दोन मुलांचा बाप असलेला माणूस जूनमध्ये फोन वाजायची वाट बघतो. मॅनेजर झाल्यावर हीच यादी त्याला स्वतःच्या हाताने करावी लागते.

शॉन डाइचची कारकीर्द या जगाचा नमुना म्हणून घेण्यासारखी आहे. जन्म १९७१, केटरिंगचा. ब्रायन क्लफच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये पोरवयात दाखल झाला, पण पहिल्या संघाकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. १९९० मध्ये चेस्टरफील्डला गेला. वाकड्या मनोऱ्याच्या चर्चसाठी प्रसिद्ध असलेलं हे डर्बीशरमधलं गाव, आणि क्लब तळाच्या दोन श्रेणींत येरझाऱ्या घालणारा. १९९६-९७ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत होता. त्या वर्षी एफए चषकात चेस्टरफील्डने पाचव्या फेरीत प्रीमियर लीगमधल्या फॉरेस्टला १-० ने हरवलं, म्हणजे ज्या क्लबने डाइचला सोडून दिलं होतं त्यालाच. आणि १३ एप्रिल १९९७ ला हा संघ ओल्ड ट्रॅफर्डवर उपांत्य सामन्यात उतरला. समोर मिडल्सब्रो, संघात रावानेली आणि जुनिन्यो.

त्या दुपारबद्दल इंग्लंडमध्ये अजून वाद घातले जातात. मिडल्सब्रोचा एक खेळाडू पूर्वार्धातच बाहेर गेलेला. अँडी मॉरिसने पहिला गोल केला. मग पेनल्टी मिळाली. ती घ्यायला कप्तान डाइच, लाल केसांचा सेंटर-बॅक, पुढे आला आणि त्याने चेंडू सरळ जाळ्यात घातला. २-०. तिसऱ्या श्रेणीतला क्लब अंतिम सामन्यापासून अर्ध्या तासावर. रावानेलीने एक गोल फेडला. त्यानंतर चेस्टरफील्डच्या जॉन हॉवर्डचा फटका आडव्या खांबाच्या खालच्या कडेला लागून रेषेच्या आत पडला, पण पंच डेव्हिड एलेरे यांनी गोल दिला नाही. रेषेवरचं तंत्रज्ञान यायला अजून बरीच वर्षं होती. मिडल्सब्रोने बरोबरी साधली, जादा वेळेत आघाडीही घेतली, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला जेमी ह्युइटने डोक्याने चेंडू मारून ३-३ केलं. फेरसामना चेस्टरफील्डने ३-० ने गमावला. तो गोल मिळता तर डाइच वेम्बलीवर कप्तान म्हणून उतरला असता. त्याऐवजी तो ब्रिस्टल सिटी, ल्यूटन, मिलवॉल, वॉटफर्ड, नॉर्दॅम्प्टन असा फिरत राहिला आणि २००७ मध्ये थांबला.

वॉटफर्डने त्याला आधी तरुण खेळाडूंचा प्रशिक्षक केलं, मग मदतनीस, आणि २०११ मध्ये मॅनेजर. पहिल्याच मोसमात त्याने संघाला दुसऱ्या श्रेणीत अकरावं आणलं. क्लबच्या मिळकतीच्या मानाने हे चांगलंच होतं. तेवढ्यात इटलीच्या पोत्सो घराण्याने क्लब घेतला आणि डाइचच्या जागी जानफ्रांको झोला आला. नवा मालक आला की जुन्या मॅनेजरला निरोप, हा रिवाज फक्त पुण्याचा नव्हे. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याला बर्नलीने घेतलं. लाखाहून कमी वस्तीचं हे जुनं गिरणगाव. तिथे त्याने २०१४ मध्ये प्रीमियर लीग गाठली, २०१५ मध्ये खाली आला, २०१६ मध्ये पुन्हा वर गेला आणि २०१७-१८ मध्ये सातव्या क्रमांकावर येऊन युरोपा लीगचं तिकीट काढलं. गावातल्या एका पबने आपलं नाव बदलून ‘द रॉयल डाइच’ ठेवलं. यातली खरी कमाई मला २०१५ मधली वाटते. संघ खाली आल्यावर क्लबने त्याला काढलं नाही. खालच्या श्रेणीतल्या मॅनेजरला असा दुसरा मोसम क्वचित मिळतो.

आता नेहमीचा प्रश्न. बचावपटूच का? फुटबॉलच्या गप्पांत याचं एक लाडकं उत्तर आहे: मागच्या फळीतल्या माणसाला सगळं मैदान समोर दिसतं, तो सतत ओरडून इतरांना जागेवर ठेवतो, चूक कुठून सुरू झाली हे त्याला आधी कळतं, थोडक्यात, तो खेळत असतानाच मुकादमी करत असतो. उत्तर ऐकायला छान आहे, पण टिकत नाही. ॲलेक्स फर्ग्युसन आणि ब्रायन क्लफ आघाडीला खेळायचे. ग्वार्दिओला, आन्चेलोत्ती मध्यफळीतले. नील वॉर्नॉक, ज्याने १९८७ मध्ये स्कारबरोला लीगमध्ये आणलं आणि पुढे तीन दशकं खालच्या-वरच्या श्रेणी तुडवल्या, तो विंगर होता. जागेवरून मॅनेजर ओळखता आला असता तर क्लबांचे किती पैसे वाचले असते!

मला कारण अधिक साधं दिसतं. छोट्या क्लबला मॅनेजर काढायचा असतो आणि नवा आणायला पैसे नसतात. मग ड्रेसिंगरूममधल्याच सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला ‘तात्पुरतं’ सांभाळायला सांगतात. हा माणूस बहुधा कप्तान असतो, कप्तान बहुधा सेंटर-बॅक असतो, आणि पाय थकलेले असल्यामुळे तो तसाही अर्धे सामने बाहेरच बसलेला असतो. दोन सामने जिंकले की तात्पुरता कायमचा होतो. यात मैदान दिसण्यापेक्षा तिजोरी दिसण्याचा भाग मोठा.

याच वाटेने सर्वांत उंच गेलेला माणूस म्हणजे ग्रॅहॅम टेलर. जन्म १९४४; वडील स्कन्थॉर्पच्या वर्तमानपत्रात खेळाचे बातमीदार. टेलर ग्रिम्सबी आणि लिंकन या क्लबांचा फुलबॅक. खुब्याच्या दुखापतीने खेळ संपला आणि डिसेंबर १९७२ मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी, तो लिंकनचा मॅनेजर झाला. १९७५-७६ मध्ये लिंकनने चौथी श्रेणी जिंकली: ४६ सामन्यांत ३२ विजय, १११ गोल, ७४ गुण. विजयाला दोन गुण मिळत त्या काळात हा विक्रम होता. १९७७ मध्ये एल्टन जॉनने त्याला वॉटफर्डला आणलं. जगभर गाजणारा पॉप गायक चौथ्या श्रेणीतल्या क्लबचा अध्यक्ष, आणि त्याला त्याच्या दारूवरून तोंडावर सुनावणारा मॅनेजर! ही जोडी पाच वर्षांत चौथ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत पोचली आणि १९८२-८३ मध्ये, पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच मोसमात, लिव्हरपूलच्या पाठोपाठ दुसरी आली. १९८४ मध्ये एफए चषकाचा अंतिम सामनाही खेळली. कुटुंबांसाठी वेगळी बैठक, खेळाडूंनी गावात मिसळणं या आज सगळीकडे सर्रास दिसणाऱ्या गोष्टी वॉटफर्डने तेव्हा मनापासून केल्या.

त्या वॉटफर्डवर टीका एकच: लांब फटके मारतात. चेंडू लवकर पुढे टाकायचा, तिथेच हिसकावून घ्यायचा. हिसकावण्याचा तो भाग आज कुणी जर्मन प्रशिक्षक शिकवतो तेव्हा त्याला ‘प्रेसिंग’ म्हणून टाळ्या पडतात. टेलरला १९९० मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचं काम मिळालं आणि तिथे तो हरला, हे खरंच. १९९२ च्या युरो स्पर्धेत स्वीडनकडून हार, १९९४ च्या विश्वचषकाची पात्रता हुकली. एका टॅब्लॉइडने त्याचं डोकं सलगमच्या कंदावर चिकटवून छापलं. २०१७ मध्ये तो गेला तेव्हा आठवणींत बहुतेकांनी आधी तो कंद काढला आणि लिंकनचे १११ गोल शेवटी. कुठल्या मजल्यावर नापास झालात यावर तुमची नोंद ठरते, किती मजले चढलात यावर नाही.

टेलरची नोंद अशी लागली, तरी ज्या शिडीने तो चढला तीच पुढच्यांनीही वापरली. अलर्डाइस खेळाडू म्हणून बोल्टनचा. १९७८ मध्ये त्या संघाबरोबर पहिल्या श्रेणीत आलेला सेंटर-हाफ. मधल्या काळात अमेरिकेत टॅम्पा बे रावडीजकडून खेळला आणि तिथे अमेरिकन फुटबॉलच्या संघाभोवती असणारा वैद्य-तज्ज्ञांचा ताफा पाहून आला. मॅनेजरकीची सुरुवात आयर्लंडमधल्या लिमरिकला. ब्लॅकपूलने त्याला १९९६ मध्ये प्लेऑफ हरल्यावर काढलं; क्लबचा मालक तेव्हा तुरुंगात होता. मग नॉट्स काउंटीला १९९८ मध्ये त्याने मार्च महिन्यातच बढती पक्की केली. आणि शेवटी बोल्टन: २००१ मध्ये प्लेऑफमधून वर, २००५ मध्ये सहावा क्रमांक आणि युएफा चषक. सामन्याचं चित्रीकरण मोजणारी प्रोझोन यंत्रणा, आहारतज्ज्ञ, बर्फाची न्हाणी हे सगळं त्याने तिथे आणलं, त्याचबरोबर ओकोचा आणि जोरकाएफही आणले. तरी ‘रांगडा सॅम’ ही ओळख काही पुसली नाही. आपलं आडनाव इटालियन थाटाचं ‘अलार्डिची’ असतं तर बड्या क्लबांनी आपल्याला घेतलं असतं, असं तो एकदा म्हणाला. लोक हसले, मला त्यात तथ्य दिसतं. २०१६ मध्ये इंग्लंडचं काम मिळालं, पण एका वर्तमानपत्राने लावलेल्या सापळ्यात बोलू नये ते बोलला आणि ६७ दिवसांत, एका सामन्यानंतर, गेला. तो दोष मात्र आडनावाचा नव्हता.

एडी हाउची गोष्ट याहून गोड आहे. बोर्नमथचा सेंटर-बॅक, २००२ मध्ये पोर्ट्समथने चार लाख पौंडांना घेतला, आणि लगेच गुडघा गेला. २००४ मध्ये बोर्नमथला तो परत हवा होता पण पैसे नव्हते, तेव्हा चाहत्यांनी आपापसांत वर्गणी काढून काही दिवसांत २१,००० पौंड जमवले. २००८-०९ चा मोसम या क्लबने उणे १७ गुणांनी सुरू केला, आर्थिक बेशिस्तीची ती शिक्षा. त्या वर्षी लीग टूमध्ये रॉदरमलाही उणे १७, आणि ल्यूटनला उणे ३० होते. ९२ क्लबांत एक्याण्णवाव्या जागी असताना क्लबने ३१ वर्षांच्या हाउकडे सूत्रं दिली, कारण दुसरं कुणी परवडणारं नव्हतं. बोर्नमथ वाचलं, २०१० मध्ये वर, २०१३ मध्ये वर, २०१५ मध्ये चॅम्पियनशिप जिंकून प्रीमियर लीगमध्ये. मधली दीड-पावणेदोन वर्षं तो बर्नलीला होता, तिथून परत आला. बर्नलीने त्याच्या जागी घेतला तो डाइच. या जगात वर्तुळं अशी लहान असतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूकॅसलने हाउला घेतलं तेव्हा सौदी पैसा आला होता, पण संघ तळाजवळ होता आणि मोसमात एकही सामना जिंकला नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये एव्हर्टनने डाइचला बोलावलं तेव्हा तेही एकोणिसाव्या जागी होतं. पुढच्या मोसमात पैशांच्या नियमांवरून त्यांचे एकूण आठ गुण कापले गेले आणि तरी त्याने संघ टिकवला. घर पेटल्यावर बोलावतात म्हणतो ते हे. हाउने मात्र बंब आणून आग विझवली आणि घर बांधायला तिथेच थांबला. मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला २-१ ने हरवून लीग चषक जिंकला, देशांतर्गत मोठा चषक १९५५ नंतर पहिल्यांदा. इंग्रज मॅनेजरने असा चषक जिंकल्याला २००८ पासून सतरा वर्षं झाली होती. लीगचं विजेतेपद मिळवणारा शेवटचा इंग्रज मॅनेजर अजूनही १९९२ चा हॉवर्ड विल्किन्सन. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून एकही नाही.

क्रिस वाइल्डरला मी या सगळ्यांत जरा जास्त मान देतो. शेफील्ड युनायटेडचा राइट-बॅक, मग डझनभर क्लब. २००१ मध्ये आल्फ्रेटन टाउन या लीगबाहेरच्या छोट्या संघापासून त्याने सुरुवात केली. हॅलिफॅक्सला सहा वर्षं काढली आणि २००८ मध्ये तो क्लबच कर्जाखाली मोडला. ऑक्सफर्डला २०१० मध्ये लीगमध्ये परत आणलं. मग तो नॉर्दॅम्प्टनला गेला. तिथे २०१५ मध्ये पगार थकले होते. स्टेडियमच्या बांधकामासाठी नगरपालिकेने दिलेले एक कोटीहून जास्त पौंड गेले कुठे असा गदारोळ होता. नोव्हेंबरात एका विजयानंतर कॅमेऱ्यासमोर वाइल्डरने खेळाचं एक अक्षर न बोलता अध्यक्षांना क्लब सोडायला सांगितलं. नोकरी धोक्यात घालून मालकाला असं सुनावणारा मॅनेजर दुसरा आठवत नाही. क्लब नव्या मालकाकडे गेला आणि त्या वसंतात नॉर्दॅम्प्टनने ९९ गुणांनी लीग टू जिंकली. मग वाइल्डर घरी, शेफील्ड युनायटेडला परतला: १०० गुणांनी लीग वन, २०१९ मध्ये प्रीमियर लीग, आणि तिथे पहिल्या मोसमात नववा क्रमांक. त्या संघात तीन सेंटर-बॅकपैकी बाजूचे दोघे, क्रिस बॅशम आणि जॅक ओकॉनल, विंगबॅकला मागे टाकून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत धावत. समोरच्यांना कळेचना की याला अडवायचं कुणी. ही कल्पना कुठल्या अकादमीतून आली नव्हती. आयुष्यभर उजव्या कडेने वर-खाली धावलेल्या माणसाच्या डोक्यातून आली होती.

वर न गेलेल्यांची यादी अर्थातच लांब आहे. कीथ हिल हा रॉचडेलचा सेंटर-हाफ. रॉचडेल १९७४ पासून ३६ वर्षं चौथ्या श्रेणीत रुतून बसलं होतं, इतकं की तिला थट्टेने ‘रॉचडेल डिव्हिजन’ म्हणत. हिलने मॅनेजर म्हणून २०१० मध्ये त्याला वर काढलं. बार्न्सलीला जाऊन परत आला आणि २०१४ मध्ये पुन्हा काढलं. क्लबच्या तोवरच्या इतिहासात बढत्या तीन, त्यांतल्या दोन या एका माणसाच्या. २०१८ मध्ये याच संघाने चषकात टॉटनहॅमला २-२ असं रोखलं. वरून बोलावणं आलं? आलं, २०१९ मध्ये, बोल्टनकडून, तेव्हा बोल्टन दिवाळखोरीतून जेमतेम बाहेर पडलं होतं आणि त्याचा मोसमच उणे १२ गुणांनी सुरू झाला होता. २०२१ मध्ये ट्रॅनमीरने तर संघ प्लेऑफमध्ये पोचलेला असताना, सामन्यांच्या तोंडावर त्याला काढलं. रॉचडेल स्वतः २०२३ मध्ये १०२ वर्षांनी लीगबाहेर पडलं.

जिम बेंटली मोरकॅमचा. २००७ मध्ये वेम्बलीवर एक्सटरला हरवून क्लब लीगमध्ये आला तेव्हा कप्तान तो; २०११ मध्ये मॅनेजर तो; २०१९ मध्ये सोडून गेला तेव्हा लीगमध्ये सर्वांत जास्त काळ एका जागी टिकलेला मॅनेजरही तोच. २०१८ मध्ये संघ वाचला तो फक्त गोलफरकाने. त्याच्या खात्यात चषक नाही, बढती नाही. दरवर्षी तळाला लागायच्या बेतात असलेला क्लब आठ वर्षं तळाला लागू दिला नाही, एवढंच. हे ‘एवढंच’ मोजायला फुटबॉलकडे तक्ता नाही. कीथ कर्ल तर वरच्या श्रेणीत खेळलेला, तरी मॅन्सफील्ड, चेस्टर, टॉर्की, नॉट्स काउंटी, कार्लाइल, नॉर्दॅम्प्टन, ओल्डम, हार्टलपूल ही त्याची नोकऱ्यांची वाट सगळी तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली. २०२० मध्ये रिकाम्या वेम्बलीवर त्याच्या नॉर्दॅम्प्टनने प्लेऑफ ४-० ने जिंकला. कृष्णवर्णीय मॅनेजरांना इंग्लंडमध्ये किती कमी संधी मिळतात हे लक्षात घेतलं तर त्याची वाट आणखी खडतर दिसते.

एकजण मात्र समोरच्या दाराने आत गेला. ग्रॅहॅम पॉटर: लेफ्ट-बॅक, यॉर्क, बॉस्टन, मॅकल्सफील्डपर्यंत सगळं पाहिलेला. तिशीत थांबला, मुक्त विद्यापीठातून सामाजिक शास्त्रांची पदवी घेतली, विद्यापीठाच्या संघांबरोबर काम केलं, आणि मग स्वीडनच्या उत्तरेत ऑस्टरसुंडला गेला. चौथ्या श्रेणीतला हा संघ त्याने २०१५ पर्यंत पहिल्या श्रेणीत नेला, २०१७ मध्ये स्वीडिश चषक जिंकला, २०१८ मध्ये आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवलं. मध्येच खेळाडूंना रंगमंचावर बॅले करायला लावला. स्वान्सी, ब्रायटन आणि २०२२ मध्ये चेल्सी. तिथे सात महिने टिकला, ते वेगळं. मुद्दा असा की हाच माणूस ऑस्टरसुंडऐवजी मॅकल्सफील्डला मॅनेजर झाला असता तर चेल्सीला त्याचं नावही माहीत झालं नसतं. स्वीडनहून फिरून आल्यामुळे त्याच्या बुटांवरचा खालच्या श्रेणीचा चिखल कुणाला दिसला नाही.

ज्या गोष्टींसाठी या माणसांना ‘जुन्या वळणाचे’ म्हणून हिणवलं त्या सध्या फॅशनमध्ये आहेत, हे पाहून गंमत वाटते. आर्सेनल केवळ कॉर्नर आणि फ्री-किकसाठी वेगळा प्रशिक्षक ठेवतं. लांब थ्रो-इन प्रीमियर लीगमध्ये परत आले आहेत. टोनी प्युलिसने स्टोकला रोरी डेलॅपच्या हातातून हेच करून घेतलं तेव्हा त्याला फुटबॉल म्हणायलाही लोक तयार नव्हते.

एक हिशेब राहतो, तो शरीराचा. क्रिस निकोल हा हॅलिफॅक्स, ल्यूटन, ॲस्टन व्हिलाचा सेंटर-हाफ. १९७६ मध्ये लेस्टरविरुद्धच्या २-२ सामन्यातले चारही गोल, दोन्ही बाजूंचे, याच्या नावावर. पुढे साउदम्प्टनचा मॅनेजर. १९८८ मध्ये त्याने १७ वर्षांच्या ॲलन शिअररला पहिल्यांदा सुरुवातीच्या संघात घेतलं आणि शिअररने आर्सेनलविरुद्ध हॅटट्रिक केली. वॉलसॉललाही त्याने १९९५ मध्ये बढती दिली. २०१७ मध्ये शिअरर बीबीसीसाठी हेडिंग आणि स्मृतिभ्रंश यांवर माहितीपट करत होता, तेव्हा तो आपल्या या जुन्या मॅनेजरला भेटायला गेला. चेंडू डोक्याने मारून मारून आपल्या मेंदूला इजा झाली आहे, हे निकोलने त्याला शांतपणे सांगितलं. २०२४ मध्ये निकोल गेला.

ग्लासगो विद्यापीठात विली स्टुअर्ट यांच्या चमूने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आला की मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट आहे. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार फोड केली. गोलरक्षकांचा धोका सर्वसामान्यांइतकाच. बचावपटूंचा जवळजवळ पाचपट. आणि कारकीर्द जितकी लांब तितका धोका मोठा. म्हणजे खालच्या श्रेणीत ज्या चिवटपणाचं कौतुक होतं तोच इथे अंगावर येतो. २०२१-२२ च्या मोसमापासून इंग्लंडमध्ये सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा जोरदार हेडर, अशी मार्गदर्शक मर्यादा आली. मोजायला वेगळा कर्मचारी ठेवणं ज्या क्लबला परवडत नाही तिथे हे दहा मॅनेजरनेच मोजायचे आहेत.